तब्येत सुधारली!

चुलत पुतण्याच्या मुंजीत आत्येसासूबाईंनी मला लांबूनच हेरलं आणि सनईच्या वरताण आवाजात म्हणाल्या, "अगं बाई, केवढी तब्येत सुधारली तुझी! आता कशी माणसात आल्यासारखी दिसतेस."

माझी स्तनाच्या कॅन्सरची केमोथेरपी संपून तेव्हा सात महिने झाले होते. केस बोटभर उगवले होते, तेही पूर्वी कधी नव्हते असे कुरळे. वजन साडेसहा किलोंनी वाढलं होतं. ब्लाउजच्या आतल्या शिवणी होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या उसवून झाल्या होत्या. आत्याबाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. मी वाकून नमस्कार केला आणि उठताना शेजारच्या खुर्चीची पाठ धरली. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. खुर्ची प्लॅस्टिकची होती, ती माझ्याबरोबर कलली, एवढंच.

मराठीत वजन वाढलं की तब्येत सुधारते आणि वजन उतरलं की तब्येत उतरते. बाळ बाळसं धरतं, मोठी माणसं अंग धरतात, सासरी गेलेली मुलगी सहा महिन्यांनी भरलेली दिसली की आई निर्धास्त होते. वाळणं, खंगणं, रोडावणं, नुसती हाडं उरणं हे सगळे शब्द आजारपणाच्या खात्यातले. ज्या भाषेनं दुष्काळ, प्लेग आणि क्षय पाहिले तिनं दुसरं काय बोलायचं?

आमच्या घरात तर याचा लेखी पुरावा आहे. माझे आजोबा १९४८ च्या सुमारास मिरजेला क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये होते. तिथून ते आजीला दर आठवड्याला पोस्टकार्ड टाकत. त्यातली अकरा कार्डं माझ्याकडे आहेत. मजकूर साधारण एकच: 'वजन २ पौंड वाढले. दूध व अंडी सोसतात. अंड्यांचे ती. बाईंस सांगू नये. काळजी नसावी.' एका कार्डावर फक्त वजन आहे आणि खाली सही. हवा कशी, मुलं कशी, काही नाही. आजीला तेवढं पुरत असणार.

क्षय म्हणजेच झिजणं. मोठा आजार माणसाला झिजवतो हे आपल्या डोक्यात तिथून पक्कं बसलंय, आणि अन्ननलिकेच्या, जठराच्या, स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये ते खरंही आहे. स्तनाच्या कॅन्सरचं गणित उलटं. यात उपचारांच्या वर्षात बऱ्याच जणींचं वजन वाढतं. मळमळ आणि अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून औषधाच्या आधी स्टेरॉइड देतात, त्यानं भूक खवळते. पाळी चालू असेल तर ती अनेकदा केमोनं अचानक थांबते, म्हणजे जो बदल शरीर चार-पाच वर्षांत सावकाश करतं तो चार महिन्यांत उरकला जातो. थकवा इतका की दिवसाचा मोठा भाग पलंगावर. आणि पलंगावर पडलेल्या बाईसाठी सगळं खानदान कामाला लागतं. माझ्यासाठी वन्सं डिंकाचे लाडू घेऊन आल्या, धाकट्या जावेनं अळिवाची खीर केली, आणि ह्यांनी, ज्यांना चहापलीकडे काही करता येत नव्हतं, यूट्यूबवर बघून शिरा शिकून घेतला. शिऱ्यात तूप किती, तर शिरा कढईला चिकटू नये इतकं. म्हणजे बरंच.

कोणाच्या प्रेमाला मी नावं ठेवत नाही. पण मुंजीच्या आदल्या आठवड्यात मी गिरणीतून पाच किलो दळणाचा डबा उचलायला गेले आणि तो गुडघ्याच्या वर येईना. डावा, म्हणजे ऑपरेशन न झालेला हात वापरूनही येईना. गिरणीवाला पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून बघत राहिला. पंचवीस वर्षं मी तो डबा कमरेवर घेऊन दोन जिने चढले होते. आता शरीरात साडेसहा किलो जास्त होते आणि जोर मात्र निम्मा. मग हे साडेसहा किलो होते तरी कशाचे?

फिजिओथेरपीसाठी मला पाठवलं ते खांद्यासाठी. हात कानापर्यंत जात नव्हता. तिथली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिनं खांदा पाहिला, मग म्हणाली, "काकू, हात छातीवर घडी करून धरा आणि या खुर्चीवरून उठा-बसा. मी तीस सेकंद लावते." मी आठ वेळा उठले. नवव्या वेळी अर्ध्यात अडकले. ती काही बोलली नाही, वहीत आठ लिहिलं. मग सांगितलं की साठी ओलांडलेल्या बाईनंही निदान बारा करायला हव्यात. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते.

"पण माझं वजन तर वाढलंय," मी म्हटलं. जणू काही ही माझी बाजू होती.

"तेच तर," ती म्हणाली.

---

हे 'तेच तर' मला उलगडलं ते एका जुन्या फोटोमुळे, आणि तो फोटो आमच्या पुण्यातल्या डॉक्टरांचा. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन पुरुषांचा फोटो छापून आला होता. एक रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजन, तंतोतंत एक: २२.३. कागदावर दोघेही सडपातळ. पण डेक्सा नावाच्या क्ष-किरण तपासणीत युडकिनांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'वाय-वाय' विरोधाभास म्हणतात.

याज्ञिकांचं काम मधुमेहावरचं. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेतला. ती बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली साधारण ३.५ किलोंची. आपली बाळं लहान आणि स्नायूंनी गरीब, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्यांनी राखून ठेवलेली. हडकुळी आणि तरीही चरबीदार. हे वाचलं आणि मला आमच्या अख्ख्या माहेरचे फोटो आठवले. काटकुळे हात, काटकुळे पाय आणि मध्ये गोल पोट, धोतरातलं असो की नऊवारीतलं. आम्ही त्याला 'देशपांडे पोट' म्हणायचो, जसं काही ते इनामात मिळालं होतं.

काटा किलो सांगतो, ते किलो कशाचे ते सांगत नाही. रेल्वे स्टेशनवर पूर्वी रंगीबेरंगी दिव्यांची वजनाची यंत्रं असत. नाणं टाकलं की जाड पुठ्ठ्याचं तिकीट खळ्ळकन पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. लहानपणी आम्ही भविष्यासाठी भांडायचो, वजन कोणी बघत नसे. आता दवाखान्यात दर खेपेला काट्यावर उभी राहते तेव्हा मला ते तिकीट आठवतं. डॉक्टरही माझ्या वजनाच्या आकड्यामागे भविष्य शोधतात. शोधायला हरकत नाही, पण त्यासाठी तिकीट उलटावं लागतं.

ते कसं उलटायचं हे माझ्या बहिणीच्या मुलानं दाखवलं. तो रेडिओलॉजी शिकतोय. दिवाळीला आला असता मी त्याला माझी सीटी स्कॅनची जुनी सीडी दिली. पहिली, निदानाच्या वेळची. कॅन्सर पोटात-छातीत कुठे पसरला नाही ना ते बघायला काढलेली. अहवालात तेव्हा लिहिलं होतं की बाकी काही आढळलं नाही, आणि ते वाचून आम्ही पेढे आणले होते. भाच्यानं लॅपटॉपवर चित्रं सरकवत सरकवत कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी आणून थांबवलं.

"मावशी, ही तू. मधोमध आडवी कापलेली."

सुरणाची चकती कापावी तसं दिसत होतं. मध्ये पांढराशुभ्र मणका. त्याच्या दोन्ही अंगांना आणि मागे राखाडी पट्टे, ते स्नायू. आणि उरलेलं सगळं काळं. कातडीच्या आत काळं कडं, आतड्यांच्या मधेमधे काळ्या पोकळ्या. मला वाटलं काळं म्हणजे रिकामं. "नाही गं, ती चरबी. काळी दिसते." मी पुन्हा पाहिलं. राखाडी पट्टा एके ठिकाणी माझ्या करंगळीएवढा बारीक होता आणि त्यातही काळ्या रेघा गेलेल्या, जुन्या मटणात दिसतात तशा. ही उपमा भाच्याची. मी शाकाहारी आहे, पण समजली.

गंमत म्हणजे हे चित्र उपचार सुरू व्हायच्या आधीचं. तेव्हा माझं वजन ५८ किलो, उंची १५५ सेंटिमीटर. शेजारणी मला 'मेन्टेन्ड' म्हणायच्या. म्हणजे केमोनं आणि शिऱ्यानं पुढे जे केलं, त्याची पायाभरणी आधीच झाली होती. बँकेच्या काउंटरमागे सव्वीस वर्षं बसून.

आणि मी एकटी नव्हते. २०१८ साली अमेरिकेत बेट कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच चित्र, तिसऱ्या मणक्यापाशीची हीच चकती, ३,२४१ बायकांची तपासली. सगळ्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरच्या. मुद्दाम काढलेले स्कॅन नव्हते, उपचारांसाठी आधीच काढलेले होते. त्यात चरबी आणि स्नायू मोजणंच बाकी होतं. ३४ टक्के जणींमध्ये स्नायू कमी निघाले, त्यांतल्या कित्येकींचा बीएमआय नॉर्मल किंवा जास्त. ज्यांचे स्नायू कमी होते त्यांचा पुढच्या वर्षांतला मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी जास्त दिसला. ज्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असं दोन्ही होतं त्यांचा ८९ टक्क्यांनी. नुसता बीएमआय बघितला तर त्यातून काहीच धड कळत नव्हतं.

असे टक्के वाचले की पोटात गोळा येतो, म्हणून मी ते सरळ करून घेते. समजा शंभर बायकांपैकी दहाजणी ठरावीक वर्षांत जाणार असतील, तर ४१ टक्के जास्त म्हणजे चौदाजणी. ४१ जणी नव्हेत. चौदा म्हणजे थोडं नाही, पण फाशीची शिक्षाही नाही.

बीएमआय निरुपयोगी आहे असं मात्र म्हणता येत नाही. २०१४ मध्ये ८२ अभ्यास आणि दोन लाख तेरा हजार रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा स्थूल बायकांचा मृत्यूचा धोका नेहमीच्या वजनाच्या बायकांपेक्षा ४१ टक्के जास्तच निघाला. आकडा पुन्हा ४१, निव्वळ योगायोग. लाखोंच्या गर्दीवरून नजर टाकायला बीएमआय चालतो. समोर बसलेल्या एका बाईबद्दल तो अर्धवट बोलतो, आणि ती बाई देशपांडे पोटाची असेल तर चक्क दिशाभूल करतो. केमोच्या बहुतेक औषधांचा डोसही उंची आणि वजन यांच्यावरूनच ठरतो. म्हणजे एकाच उंची-वजनाच्या दोघींना एकच डोस, मग एकीच्या अंगात स्नायू भरपूर असोत नाहीतर दुसरीच्या करंगळीएवढे. मला सारखं वाटत राहतं की माझ्या ज्या मैत्रिणी केमोत पार आडव्या झाल्या, त्यांतल्या निम्म्या या दुसऱ्या जातीच्या असतील.

---

चरबीनं इतकं काय बिघडतं? मला वाटायचं चरबी म्हणजे माळ्यावरचं सामान. पडून असतं, धूळ खातं, कोणाला त्रास नाही. ते तसं नाही. पाळी गेल्यावर बीजाशयं आपलं दुकान बंद करतात, पण इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) बनायचं थांबत नाही. चरबीच्या पेशींत अ‍ॅरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते अंगातल्या दुसऱ्या संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन करत राहतं. माझा कॅन्सर इस्ट्रोजेनवर पोसला जाणारा. रात्री जेवणानंतर मी जी अडीच मिलिग्रॅमची लेट्रोझोलची पिवळी गोळी घेते, ती याच विकराला गप्प बसवते. म्हणजे एकीकडे मी गोळीनं कारखान्याला कुलूप लावते आणि दुसरीकडे शिऱ्यानं नवीन शेड बांधते. शिवाय जास्त चरबीबरोबर रक्तातलं इन्शुलिन चढं राहतं, अंगात बारीक धगधग चालू राहते, आणि या दोन्ही गोष्टी पेशींना वाढायला चिथावतात.

इन्शुलिनच उतरवायचं तर मेटफॉर्मिन द्यावं, असं पुष्कळांना वाटलं होतं. मधुमेहाची ती स्वस्त गोळी आपल्याकडे निम्म्या घरांच्या फ्रीजवरच्या डब्यात असतेच. कॅनडाच्या पुढाकारानं ३,६४९ रुग्णांवर प्रयोग झाला, २०२२ मध्ये निकाल लागला: नेहमीच्या प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये फायदा नाही. मला वाईट वाटलं. गोळी घेणं मला जमतं.

मग आहार. इथे मात्र व्हॉट्सअ‍ॅपचं विद्यापीठ चोवीस तास उघडं. गव्हांकुराचा रस, लक्ष्मणफळाची पानं, साखर म्हणजे कॅन्सरचं खाद्य, दूध बंद, टोमॅटो बंद, आंबट बंद. मी सगळ्यांना नमस्कार करून दोन जुन्या प्रयोगांकडे वळले, कारण ते एकमेकांशी भांडतात आणि भांडणातून काहीतरी कळतं. दोन्ही अमेरिकेतले. एकात ३,०८८ बायका. त्यांतल्या निम्म्यांना ढीगभर भाज्या, फळं, चोथा, कमी स्निग्ध असा आहार दिला. सात वर्षांनी, २००७ साली पाहिलं तर कॅन्सर परत येण्यात काही फरक नाही. दुसऱ्यात २,४३७ बायका. तिथे भर फक्त स्निग्ध पदार्थ कमी करण्यावर. २००६ साली त्यांच्यात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी दिसलं. दोघांत काय वेगळं होतं? बऱ्याच गोष्टी. पण एक ठळक: दुसऱ्या प्रयोगातल्या बायकांचं वजन सरासरी अडीच-तीन किलो उतरलं होतं. पहिल्यातल्या बायकांनी भाज्या मनापासून खाल्ल्या, वजन होतं तिथंच राहिलं. एवढ्यावरून तूप गुन्हेगार की वजन, हे ठरत नाही. पण माझ्यासारखीनं 'मी रोज पालेभाजी खाते' असं सांगून स्वतःची सुटका करून घेऊ नये, इतकं नक्की.

मी काय केलं, तर शिरा रविवारवर आणला. डाळ, उसळ, ताक आणि पनीर वाढवलं, कारण स्नायू हवेतून बनत नाहीत. आणि काट्यावर उभं राहणं कमी करून परकराच्या नाडीकडे बघायला लागले. हसू नका. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी २०१६ साली सोळाशेहून अधिक रुग्ण आणि दीड हजार निरोगी बायका यांची तुलना केली, तेव्हा पाळी गेलेली असो वा नसो, कमरेचा घेर आणि नितंबांचा घेर यांचं प्रमाण जितकं जास्त तितका स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त, असं निघालं. भारतीय बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं डॉक्टर सांगतात. प्रत्येक परकराच्या नाडीवर जिथे गाठ बसते तिथे एक मळकी, दबलेली खूण असते. माझ्या नाडीवर आता तीन खुणा आहेत. कॅन्सरच्या आधीची, मुंजीच्या वेळची आणि आताची. आताची पहिलीच्या किंचित अलीकडे आहे. वजन मात्र अजून दोन किलो जास्तच. हे दोन किलो कशाचे, ते मला आता माहीत आहे.

---

हाताची गोष्ट राहिली.

ऑपरेशनच्या वेळी उजव्या काखेतल्या गाठी काढल्या. घरी सोडताना एक छापील कागद दिला होता, त्यात ठळक अक्षरांत: 'या हाताने वजन उचलू नये.' किती वजन, किती दिवस, काही नाही. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण असाच कागद माझ्या ओळखीच्या चौघींना चार वेगवेगळ्या ठिकाणी मिळालाय. लसीका, म्हणजे काखेतल्या गाठींतून वाहून जाणारा द्राव, साचून हाताला सूज येते, ती एकदा आली की जात नाही, ही भीती खरी आहे. म्हणून सगळ्यांनी माझा उजवा हात देव्हाऱ्यातल्या चांदीच्या भांड्यासारखा जपला. भाजीची पिशवी नको, कुकरचं झाकण नको, पोळ्या लाटणं नको. दीड वर्षात तो हात वाळल्या काडीसारखा झाला आणि सूज आली ती आलीच. पाटल्या चढेनात.

मग फिजिओच्या मुलीनं दीड किलोचे डंबेल पुढे केले आणि मी अक्षरशः मागे सरकले.

तिला माझ्यासारख्या बायकांची सवय असावी. तिनं सांगितलं की पेनसिल्व्हेनियात कॅथरिन श्मिट्झ यांनी नेमकी हीच भीती तपासली होती. १४१ बायका, सगळ्यांच्या हाताला आधीच सूज. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, हाताला दाबमोजा घालून, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. वर्षभरानं, २००९ मध्ये, निकाल आला. वजनं उचलणाऱ्यांपैकी १४ टक्के जणींची सूज वर्षभरात बळावली होती आणि हात जपून ठेवणाऱ्यांपैकी २९ टक्के जणींची. त्याच्याही आधी, १९९६ साली, व्हँकुव्हरच्या डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी चोवीस जणींना लांबलचक ड्रॅगन होडीत बसवून वल्ही हातात दिली होती, सूज येते की नाही ते बघायला. कोणाला सूज आली नाही. आणि त्या बायका होडीतून उतरायलाच तयार होईनात. आता जगभर अशा होड्या आहेत म्हणे. मुळा-मुठेत वल्हवायचं म्हणजे दुसराच आजार व्हायचा, पण कल्पना मला आवडली.

चालण्याबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. अमेरिकेतल्या नर्सेसवरचा २००५ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. २,९८७ रुग्ण, त्यांतल्या आठवड्याला तीन ते पाच तास साध्या गतीनं चालणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं. त्याहून जास्त चालून जास्त फायदा दिसला नाही, हे मला विशेष पटलं. पण मी त्या अभ्यासाला पूर्ण मार्क देत नाही. ज्यांना बरं वाटत असतं त्याच जास्त चालतात. चालल्यामुळे जगल्या की जगणार होत्या म्हणून चालल्या, हे नुसतं बघून सांगता येत नाही, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागतात. टाटा मेमोरियलनं योगासनांबाबत तसे गट पाडले. साडेआठशे बायका होत्या, आणि २०२२ मध्ये योग करणाऱ्या गटात कॅन्सरमुक्त राहण्यात १५ टक्क्यांची सुधारणा जाहीर केली. मला आनंद झाला. वन्संना त्याहून जास्त, कारण त्या वीस वर्षं मला प्राणायामाला ओढत होत्या. एका प्रयोगावर मी सगळा भार टाकणार नाही, पण सकाळी आता त्यांच्या शेजारी चटई घालते.

---

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस थांबले, कारण पुढचं लिहायचं की नाही ते ठरत नव्हतं.

केमोच्या वॉर्डात आमचा चौघींचा गट जमला होता. नावांऐवजी गावांनी हाका मारायचो. तळेगाव, भोसरी, सासवड आणि मी पर्वती. त्यांतली तळेगाव अंगानं सडसडीत, दंडाला पीळ. राजगड-तोरणा एका दमात करणारी. घरचं दूध, घरची भाजी, दोन्ही मुलांना अंगावर पाजलेलं. ज्या ज्या गोष्टी करायच्या म्हणून सांगतात त्या सगळ्या तिनं आधीच करून ठेवलेल्या, आणि दीड किलोचे डंबेल केमोच्या मधल्या आठवड्यांतही सोडले नाहीत. तिचा कॅन्सर ज्यांच्यावर औषधाचा नेम धरता येतो त्या तिन्ही खुणा नसलेला, ट्रिपल निगेटिव्ह, तापट जातीचा. दोन वर्षांत फुप्फुसात आला.

तिच्या दहाव्याला तिच्याच नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "एवढं पळापळ करून काय मिळवलं?" आणि त्याच बाई माझ्याकडे वळून, "तुम्ही बघा, व्यायाम केलात म्हणून वाचलात." दोन वाक्यांत त्यांनी दोघींचा निकाल लावला. मला त्यांच्याशी भांडता आलं असतं. सांगता आलं असतं की वरचे सगळे आकडे हजारो बायकांचे आहेत, त्यात तळेगावचं नाव नाही आणि पर्वतीचंही नाही. शंभरातल्या दहा की चौदा, इतकंच ते बोलतात, कुठल्या चौदा ते सांगत नाहीत. बार्शीकडच्या खेड्यांत १९८७ पासून कॅन्सरची नोंद ठेवतात, तिथे स्तनाचा कॅन्सर मुंबईपेक्षा बराच कमी आढळतो. त्यावरून 'शहरी बायकांनी स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं' असं म्हणणारे डॉक्टरही मी पाहिलेत. नोकरी करणं, उशिरा मूल होणं, बसून राहणं ही कारणं खरी आहेत. पण सव्वीस वर्षं मी काउंटरमागे बसले ते हौस म्हणून नव्हे, घराचे हप्ते होते. पीळदार दंडाच्या तळेगावचं काय चुकलं होतं?

हे काही मी बोलले नाही. दहाव्याला बोलत नाहीत.

तिच्या नवऱ्यानं निघताना माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. "तिनं सांगून ठेवलं होतं, पर्वतीला द्या." आत ते डंबेल होते. निळे, रबरी वेष्टनाचे. उजव्यावर अंगठ्याच्या जागी रंग उडून आतलं करडं लोखंड दिसतं. माझा अंगठा तिच्यापेक्षा आखूड आहे, तो त्या खुणेपर्यंत पोचत नाही.

गेल्या गुरुवारी मी तीस सेकंदांत तेरा वेळा उठले. मुलीनं वहीत तेरा लिहिलं आणि म्हणाली, "काकू, आता दीड किलो तुम्हाला हलके होतात. पुढच्या वेळेपासून दोन किलोचे घ्या." नवीन जोडी मी आणली आहे. ही जुनी, तळेगावची, कुणाला द्यायची ते ठरवायचं आहे. भोसरीचा खांदा अजून वर जात नाही, सासवडच्या दोन केमो राहिल्यात. तोवर पिशवी दाराशीच आहे, आणि येता-जाता ह्यांचा पाय तिला लागतो.